वावटळ आणि पाचोळा

सणासुदीच्या अंकात जाळपोळीची आणि रक्तपाताची कथा कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न वावगा म्हणता येणार नाही. परंतु दिवाळी अंक ही आपल्याकडे अशी वस्तू आहे की ती आजोबांच्या हातून नातवाच्या हाती आणि तेथून शेजारच्या घरी जाते. ज्या विषयावर घरातल्या तीन पिढ्या एकमेकांशी कधी मोकळेपणाने बोललेल्या नाहीत, तो मांडायला याहून चांगली जागा नाही. तो विषय म्हणजे १९४८ साल, आणि त्या सालाने मराठी साहित्यात मागे काय ठेवले हा प्रश्न.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. त्यानंतर सत्तर दिवसांनी, ९ एप्रिल १९४८ रोजी, दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या राजधानीत, बोगोता येथे, होर्हे एलिएसेर गायतान या लोकप्रिय पुढाऱ्याला भर दुपारी रस्त्यावर गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्याला जमावाने तेथल्या तेथे ठार केले आणि संध्याकाळपर्यंत शहराचा मध्यभाग पेटला. आपल्याकडे मारेकरी पकडला गेला, त्याच्यावर रीतसर खटला चालला. पण तो मराठी आणि ब्राह्मण होता एवढ्यावरून पुणे, नागपूर, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत त्याच्या जातीच्या माणसांची घरेदारे जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्यात जळाला. सर्वांत अधिक झळ सातारा जिल्ह्याला आणि त्याच्या आसपासच्या संस्थानी खेड्यांना बसली. ज्यांचा त्या खुनाशी काडीचाही संबंध नव्हता, अशा माणसांचे संसार उघड्यावर आले.

या दोन आगी दोन तरुणांनी पाहिल्या. दोघांचाही जन्म १९२७ सालचा. एक माणदेशातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर. दुसरा कोलंबियाच्या उष्ण किनारपट्टीवरील आराकाताका या गावचा गाब्रिएल गार्सिया मार्केस. मार्केस त्या वेळी बोगोतात कायद्याचा विद्यार्थी होता. तो राहत होता ती खाणावळ जळाली आणि तीत त्याच्या कथांची हस्तलिखिते गेली. पुढे १९५५ साली माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपाने आली, आणि त्याच साली मार्केसची पहिली कादंबरी निघाली. तिच्या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘पाचोळा’. माडगूळकरांनी १९६४ साली अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीवर कादंबरी लिहिली, तिचे नाव ‘वावटळ’. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले असण्याचा तेव्हा संभव नव्हता. तरीही एकाला वारा आठवला आणि दुसऱ्याला वाऱ्याने उडालेला पाला. हा निव्वळ योगायोग आहे, आणि योगायोगावर टीकालेख उभा राहत नाही. परंतु दोन समाजांनी आपापल्या घरातल्या आगीकडे कसे पाहिले, हे ताडून पाहायला या दोन नावांइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

२

कोलंबियाची हकीकत आपल्या वाचकाला थोडक्यात सांगायला हवी. त्या देशात उदारमतवादी आणि सनातनी असे दोन पक्ष एकोणिसाव्या शतकापासून होते. एकाचा रंग तांबडा, दुसऱ्याचा निळा. नावे विचारांची असली तरी पक्ष माणसाला बहुधा बापाकडून मिळे. गावेच्या गावे तांबडी किंवा निळी असत. जन्माने मिळालेली ही ओळख पुसायची म्हटली तरी पुसत नसे. आपल्याकडे जातीचे जे होते ते तिकडे पक्षाचे झाले होते, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. १८९९ ते १९०२ या काळात या दोन पक्षांत जे युद्ध झाले ते ‘हजार दिवसांचे युद्ध’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात सुमारे एक लाख माणसे मेली असे मानतात. मार्केसचे आजोबा या युद्धात तांबड्यांच्या बाजूने लढले होते, आणि नातवाचे बालपण त्यांच्याच घरी, त्यांच्या गोष्टी ऐकत गेले. गायतानच्या खुनानंतर हाच जुना दावा खेड्यापाड्यांत पुन्हा पेटला. १९५८ पर्यंत चाललेल्या त्या दशकात सुमारे दोन लाख माणसे मारली गेली. तेथील लोक त्या काळाला नुसते ‘हिंसा’ एवढेच म्हणतात. पुढे दोन्ही पक्षांनी सत्ता पाळीपाळीने भोगण्याचा करार केला. पण ज्या कुळांच्या जमिनी मधल्या काळात गेल्या त्या गेल्याच. १९६४ पासून डोंगरांत बंडखोरांच्या फौजा उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या फौजेशी सरकारचा तह व्हायला २०१६ साल उजाडले.

आमच्या आंजी (मोठी) सारख्या गावात बसून हे वाचताना एक गोष्ट अगदी घरची वाटते. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा सारा मुलूख कापसाचा. अमेरिकेत १८६१ साली यादवी पेटली आणि तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाड आणि वर्ध्याच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आगगाडी आली, सरकी काढण्याचे कारखाने आले, दलाल आले. आणि अमेरिकेतले युद्ध संपताच भाव कोसळला. शेतात राबणाऱ्याला आपला भाव कोण ठरवतो हे कधी कळले नाही. मार्केसच्या मुलखात कापसाच्या जागी केळी होती. एका अमेरिकन कंपनीने तेथे केळीच्या बागा उठविल्या, रेल्वे वापरात घेतली, दुकाने उघडली. १९२८ साली मजुरांनी संप केला, तेव्हा डिसेंबरात सिएनागा गावच्या रेल्वे-स्थानकासमोर जमलेल्या लोकांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. ‘पाचोळा’ हे नाव त्या केळीच्या तेजीबरोबर गावात उडून आलेल्या आणि तेजी ओसरल्यावर मागे उरलेल्या माणसांना उद्देशून आहे. कापसाच्या बाजाराचे गाव पाहिलेल्या माणसाला ही प्रतिमा समजावून सांगावी लागत नाही.

३

१९५९ साली मार्केसने आपल्या देशातील ‘हिंसे’वरच्या कादंबऱ्यांविषयी एक छोटा लेख लिहिला. त्या काळात तिकडे अशा कादंबऱ्यांचे पीक आले होते. त्याची तक्रार अशी की, या लेखकांनी मुडद्यांची यादी केली. किती गळे चिरले, किती घरे पेटविली, यांचा हिशेब मांडला आणि त्यालाच कादंबरी मानले. त्याच्या मते कादंबरीचा विषय मेलेली माणसे नव्हेत. आपली पाळी केव्हा येते म्हणून लपलेल्या जागी भीतीने घामाघूम झालेली जिवंत माणसे हाच तिचा विषय. कामूच्या ‘प्लेग’चे उदाहरण त्याने दिले.

ही कसोटी त्याने प्रथम स्वतःला लावली, हे महत्त्वाचे. ‘कर्नलला कोणी पत्र लिहीत नाही’ अशा अर्थाच्या नावाची त्याची छोटी कादंबरी १९६१ साली पुस्तकरूपाने आली. तीत एक म्हातारा निवृत्त कर्नल आहे. हजार दिवसांच्या युद्धात तो लढला. सरकारने कबूल केलेल्या पेन्शनच्या पत्राची वाट पाहत तो दर शुक्रवारी टपालाच्या होडीसाठी धक्क्यावर जातो. त्याच्या मुलाला चोरटी पत्रके वाटल्याबद्दल कोंबड्यांच्या झुंजीच्या जागी गोळी घातलेली आहे. घरात मुलाचा झुंजीचा कोंबडा आहे, दमेकरी बायको आहे आणि खायला काही नाही. त्या घरातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. घरात शिजवायला काही नाही हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ती म्हातारी चुलीवर पाण्यात दगड शिजत ठेवते. साऱ्या पुस्तकात आपल्यासमोर कोणी मरत नाही. तरी एका देशाची यादवी त्या एका भांड्यात दिसते. आपल्या आज्यांपैकी कित्येकींनी परिस्थिती झाकण्यासाठी केलेल्या युक्त्या ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही म्हातारी परकी वाटणार नाही.

आता हीच कसोटी ‘वावटळी’ला लावून पाहू. माडगूळकरांची कादंबरी छोटेखानी आहे. गांधीजींच्या खुनाची बातमी पुण्यात येते तेव्हा तेथे असलेले तीन तरुण घरच्यांच्या काळजीने गावाकडे निघतात. वाटेत जे दिसते, ऐकू येते आणि शेवटी गावात जे घडते ते या तरुणांच्या नजरेने आपल्याला सांगितले जाते. कथेचा सारा जीव प्रवासात आहे. हे तरुण चालत आहेत आणि बातमी त्यांच्या पुढे पळते आहे. ज्या रस्त्याने ते शेकडो वेळा आले-गेले, तोच रस्ता आता अनोळखी झाला आहे. समोरून येणारा माणूस कोण, त्याला आपले आडनाव सांगावे की नाही, हा साधा प्रश्न जिवावरचा होऊन बसतो. माणसाचे आडनाव हाच त्याचा गुन्हा ठरतो तेव्हा काय होते, हे या कादंबरीइतके साधेपणाने मराठीत दुसरीकडे क्वचितच सांगितले गेले असेल.

मार्केसने मागितलेली भीती ती हीच. माडगूळकर मुडदे मोजीत नाहीत. ते कोणाला शिव्याशाप देत नाहीत, स्वतःच्या जातीचे गाऱ्हाणे गात नाहीत, आणि गांधीजींच्या नावाने प्रवचनही करीत नाहीत. ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’ लिहिणाऱ्या या लेखकाने आयुष्यभर रामोशी, धनगर, मुलाणी यांच्याविषयी जिव्हाळ्याने लिहिले. ज्या खेड्यावर त्यांनी प्रेम केले तेच खेडे ‘वावटळी’त हातात पलिते घेऊन उभे राहते, आणि तरीही लेखकाचा हात कापत नाही. जो समाज आपल्यावर उठला त्याच्याविषयी सोळा वर्षांनी इतक्या संयमाने लिहिणे ही केवळ शैलीची गोष्ट नाही. ती स्वभावाची गोष्ट आहे. मराठी समीक्षेने या कादंबरीचे कौतुक केले, पण ‘बनगरवाडी’च्या मानाने कमीच केले, असे मला वाटते.

४

एवढे मान्य केल्यावर तिची उणीवही सांगितली पाहिजे. ‘वावटळ’ हे नावच पाहावे. वावटळ कोठून उठली हे कोणी विचारीत नाही. ती येते, धूळ उडविते आणि जाते. अठ्ठेचाळीसची जाळपोळ मात्र अशी आभाळातून आली नव्हती. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला आणि पुढे इतर गावांत कुणबी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांनी मुख्यतः कर्जरोखे जाळले. माणसांना फारसा हात लावला नाही. आपला शत्रू कागदावर आहे हे त्यांना कळले होते. पुढे सत्यशोधक चळवळ आली, ब्राह्मणेतर पक्ष आला, कुळांचे आणि मालकांचे भांडण वाढत गेले. कुळकायदा १९४८ सालचाच. त्या जानेवारीत गावोगाव जे पेटले त्यात गांधीजींच्या मृत्यूचा शोक किती, जुन्या अपमानांचा राग किती, जमिनीवरचा डोळा किती आणि निव्वळ लुटीचा लोभ किती, हे वेगळे काढणे इतिहासकारालाही सोपे नाही. कादंबरीकाराने ते वेगळे काढून दाखवावे अशी अपेक्षा नाही. परंतु पलिता धरणाऱ्या हाताला एखादा चेहरा, एखादी मागची आठवण मिळाली असती, तर वाचकाला अधिक जड गेले असते. निष्पाप माणसाचे घर जाळणे कोणत्याही गाऱ्हाण्याने क्षम्य ठरत नाही. मात्र गाऱ्हाणे समजल्यावाचून ते पुन्हा का घडते हेही समजत नाही.

यावर कोणी म्हणेल की, ज्याचे घर जळते आहे त्याने जाळणाऱ्याचे मन कसे ओळखावे? हा आक्षेप खरा आहे. एकट्या माडगूळकरांकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. अपेक्षा साऱ्या मराठी साहित्याकडून आहे. त्या रात्री दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाची कादंबरी मला कोठे आढळली नाही. ज्याने आग लावली त्याची नको, पण ज्याने ती पाहिली आणि दार लावून घेतले, किंवा ज्याने शेजाऱ्याच्या बायकामुलांना आपल्या कणगीमागे लपविले, त्याची तरी? असेही लोक होते. जळितग्रस्त कुटुंबांच्या आठवणींत ते हमखास येतात.

इथे ‘पाचोळा’कडे पुन्हा वळावे लागते. मार्केसच्या या पहिल्या कादंबरीत गावाच्या द्वेषाला पात्र झालेल्या एका डॉक्टरने गळफास घेतला आहे. यादवीच्या काळात एका रात्री जखमी माणसे दाराशी आली असता त्याने दार उघडले नाही, म्हणून गावाने ठरविले आहे की त्याला माती द्यायची नाही. तो घरातच कुजावा. एक म्हातारा कर्नल मात्र जुना शब्द पाळण्यासाठी मुलीला आणि नातवाला बरोबर घेऊन त्याला पुरायला निघतो. आजोबा, मुलगी आणि नातू या तिघांच्या मनातून ती हकीकत उलगडते. गावाचा राग खोटा नाही हे लेखक आपल्याला दाखवितो, आणि एका माणसाचा शब्द त्या रागापेक्षा मोठा आहे हेही. आपल्या अठ्ठेचाळीसच्या साहित्यात नेमकी हीच दुसरी बाजू अपुरी राहिली आहे.

आमच्या वर्धा जिल्ह्याला तर हा प्रश्न अधिकच बोचायला हवा. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला येऊन राहिले. १९४६ साली गेले ते परतले नाहीत. त्यांच्यामागे मार्च १९४८ मध्ये नेहरू, राजेंद्रप्रसाद, विनोबा, कृपलानी सेवाग्रामला जमले, आणि सर्वोदय समाजाची कल्पना तेथून निघाली. याच जिल्ह्यात आष्टीला १६ ऑगस्ट १९४२ रोजी जमावाने पोलीस ठाण्यावर चाल केली. पोलीसही मेले, गावकरीही मेले. त्या दिवसाचे स्मारक आहे, पोवाडे आहेत, आणि हुतात्म्यांना मान देणे योग्यच आहे. पण जमाव हा एकच प्राणी असतो असे नाही, आणि तो दरवेळी निराळाही नसतो. बेचाळीसच्या जमावाविषयी आपण मोठ्याने बोलतो आणि अठ्ठेचाळीसच्या जमावाविषयी गप्प बसतो. माडगूळकरांनी स्वतः बेचाळीसच्या चळवळीत भाग घेतला होता. गर्दीच्या आत राहून आणि गर्दीसमोर उभे राहून, अशा दोन्ही बाजूंनी पाहिलेला हा लेखक होता. म्हणूनच त्याच्याकडून आणखी थोडे हवे होते असे वाटते.

५

गप्प बसण्याची किंमत काय पडते, हे मार्केसने १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शंभर वर्षांचा एकांत’ या कादंबरीत दाखविले. मकोंदो हे त्याचे काल्पनिक गाव. तेथे सरकारी अंमलदार येतो आणि पहिला हुकूम सोडतो तो घरांना निळा रंग देण्याचा. यादवी सुरू होते ती अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीतून. पुढे केळीच्या मजुरांवर गोळीबार होतो. प्रेतांनी भरलेल्या आगगाडीतून वाचलेला एक माणूस गावात परततो आणि तीन हजार माणसे मेली म्हणून सांगू लागतो. कोणी विश्वास ठेवीत नाही. येथे काहीच घडले नाही, असे त्याला घरोघर ऐकायला मिळते. १९२८ च्या खऱ्या गोळीबारात किती मेले याचा निर्विवाद आकडा कधी मिळालाच नाही. त्या वेळच्या सेनाधिकाऱ्याने सत्तेचाळीस सांगितले. परिणाम असा झाला की पुढे लोक कादंबरीतलाच आकडा इतिहास म्हणून सांगू लागले. खरा हिशेब ठेवला नाही की समाज कल्पनेतला हिशेब उराशी धरतो. आपल्याकडेही अठ्ठेचाळीसच्या आकड्यांचे तेच झाले आहे. कोणी ते दहापटीने वाढवून सांगतो, तर कोणी असे काही फारसे झालेच नाही म्हणतो.

कोलंबियाने निदान अलीकडे हा हिशेब मांडायचे मनावर घेतले. तहानंतर नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने हजारो माणसांच्या जबान्या घेतल्या आणि २०२२ साली अहवाल दिला. १९८५ ते २०१८ या काळात साडेचार लाखांहून अधिक माणसे मारली गेली, असे त्यात म्हटले आहे, आणि त्यांतली बहुसंख्य साधी नागरिक होती. अहवालाने मेलेला परत येत नाही, आणि तेथील हिंसा त्याने थांबली असेही नाही. पण मुलांनी शाळेत काय वाचायचे याला काही आधार मिळाला.

मराठीत ही परंपरा अगदीच नाही असे नव्हे. विलास मनोहरांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या कादंबरीने गडचिरोलीच्या जंगलातला माडिया तरुण बंदुकीपर्यंत कसा पोहोचतो हे आतून दाखविले. पोलीस, जंगल खात्याची माणसे, ठेकेदार आणि नक्षलवादी यांच्या मध्ये सापडलेल्या माणसाकडे त्यांनी पाहिले. दलित लेखकांनी मराठवाड्यातील १९७८ च्या नामांतर दंगलीचे दुःख कवितेतून आणि आत्मकथनांतून मांडले. या साऱ्या लेखनात एक गोष्ट समान आहे. प्रत्येकाने आपापल्या अंगणातली आग लिहिली. शेजारच्या अंगणातली आग लिहिणारा लेखक मात्र आपल्याकडे विरळा.

म्हणून या सुट्टीत ज्यांच्या घरी ‘वावटळ’ आहे त्यांनी ती पुन्हा काढावी, आणि नसेल त्यांनी गावच्या वाचनालयातून आणावी. एका बैठकीत वाचून होईल एवढीच ती आहे. वाचून झाल्यावर घरात कोणी ऐंशी-नव्वदीचे माणूस असेल तर त्याला विचारावे की त्या दिवसांत आपल्या गावी काय झाले होते, आणि आपण कोठे उभे होतो. उत्तर सोयीचे येईलच असे नाही. पण त्या पिढीची माणसे आता थोडीच उरली आहेत, आणि न लिहिलेली ती दुसरी कादंबरी कोणी लिहायची म्हटले तर तिची सामग्री त्यांच्याच जवळ आहे.